बेन वेब्स्टर ऐकायचाय, सुरुवात कुठून करू? नव्या जॅझ श्रोत्यांसाठी

बेन वेब्स्टर ऐकायला बसणार असाल तर आधी मोबाईलचा स्पीकर बंद करा आणि साधे का होईना पण हेडफोन लावा. या माणसाच्या टेनर सॅक्सोफोनमधून सूर जितका येतो तितकीच हवा येते, आणि ती हवा मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. मग ऐकणाऱ्याला वाटतं की छान आहे, संथ आहे, कॉफी शॉपमध्ये लावतात तसलं काहीतरी आहे, आणि तो पुढे जातो. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणून ही हेडफोनची अट सगळ्यात वर.

थोडी ओळख करून देतो म्हणजे पुढे नावं आली की गोंधळ होणार नाही. वेब्स्टरचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा, आणि मृत्यू १९७३ साली ॲमस्टरडॅममध्ये. आधी व्हायोलिन, मग पियानो, मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायची नोकरी, आणि सॅक्सोफोन त्यानंतर कधीतरी हातात आला. स्विंगच्या, म्हणजे १९३०-४० मधल्या नाचाच्या मोठ्या बँडच्या, जमान्यातले टेनरवाले म्हटलं की तीन नावं एका दमात घेतात, कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग आणि बेन वेब्स्टर. हॉकिन्सचा आवाज भरीव आणि रागीट, लेस्टरचा हलका आणि तरंगता, आणि वेब्स्टर सगळ्यात माणसाच्या गळ्याजवळचा, म्हणून नवीन माणसाला मी कायम त्याच्यापासूनच सुरू करायला सांगतो. शब्द नसलेलं संगीत ऐकायची सवय नसली तरी याचं वाजवणं गाण्यासारखंच कानात शिरतं.

आता क्रम. तारखेप्रमाणे ऐकायचा मोह होतो, म्हणजे १९३१-३२ पासून सुरू करू आणि पुढे येत राहू, पण ते करू नका. त्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात पंधरा जणांचा बँड, गाणारा किंवा गाणारी, आणि वेब्स्टरच्या वाट्याला आठ-सोळा बार (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा), त्यात आवाजही जुना, खरखरीत. कान तयार नसताना हे ऐकलं तर त्यात वेब्स्टर कुठला हेच ओळखू येत नाही. म्हणून मधून शिरायचं, १९५६ ते ५९ मधून, मग मागे १९४० ला जायचं आणि शेवटी युरोपात.

पायरी पहिली: एकच गाणं

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड झालेला 'बेन वेब्स्टर मीट्स ऑस्कर पीटरसन' हा अल्बम शोधा. पियानोवर ऑस्कर पीटरसन, बासवर रे ब्राउन, ड्रम्सवर एड थिगपेन, आणि वेब्स्टर, बस, चारच माणसं. अख्खा अल्बम लावू नका. त्यातलं 'इन द वी स्मॉल अवर्स ऑफ द मॉर्निंग' एवढंच लावा, आणि त्याच्याही आधी फ्रँक सिनात्राने १९५५ साली म्हटलेलं हेच गाणं शब्दांसकट ऐका. गाणं साधंच आहे, पहाटेची वेळ, सगळं जग झोपलंय आणि एक माणूस जागा आहे. शब्द डोक्यात बसले की मग वेब्स्टर लावा आणि त्याच्या सुरांवर ते शब्द ठेवून बघा, जवळजवळ सगळे बसतात, कारण तो चाल फारशी मोडतच नाही. वाजवतोय म्हणण्यापेक्षा म्हणतोय म्हणावं असं ते आहे.

आता ऐकताना तीन गोष्टींकडे कान द्या. एक म्हणजे खालच्या पट्टीतला सूर कसा सुरू होतो. आधी 'फू' अशी नुसती फुंक येते आणि त्या फुंकेच्या पोटातून सूर वर येतो. याला सबटोन म्हणतात, जबडा आणि ओठ सैल ठेवून रीडवर, म्हणजे तोंडाशी असलेल्या वेताच्या पट्टीवर, अगदी हलका दाब दिला की सूर आणि हवा एकत्र मिसळून बाहेर पडतात. दुसरं, सूर संपतो कसा. बहुतेक वाजवणारे सूर कापतात आणि पुढे जातात, वेब्स्टर सूर सोडून देतो पण फुंक चालू ठेवतो, तीही कंप पावत पावत, आणि शेवटी तर नुसता श्वास उरतो. तिसरं, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेली मींड. आपल्याकडच्या गाण्याचा कान असेल तर ही मींड तुम्हाला लगेच सापडेल, आणि मोठ्या सुराआधी तो किती थांबतो तेही कळेल, कारण ठहराव म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हे एक गाणं दोन-तीन दिवस रात्री झोपायच्या आधी ऐका, मग बाकीचा अल्बम लावा. घाई नाही.

पायरी दुसरी: साचा मोजायला शिका

जॅझ ऐकताना लोक हरवतात ते बहुतेक वेळा एवढ्याचसाठी की आपण गाण्यात नेमके कुठे आहोत ते कळत नाही. सुरुवातीला चाल वाजते, मग प्रत्येकजण त्या चालीच्या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांवर) आपापलं काहीतरी वाजवतो, शेवटी परत चाल येते, आणि मधला सगळा भाग म्हणजे तोच साचा फिरून फिरून येत असतो. आवर्तनासारखंच, फक्त इथे आवर्तन बरंच लांब असतं, बहुतेकदा ३२ बारचं, बारमध्ये चार मात्रा.

सरावासाठी 'सोलव्हिल' हा १९५७ चा अल्बम घ्या आणि त्यातलं 'मेकिन हूपी' लावा, लय आरामात मोजता येईल अशी आहे. मुखडा आठ बार, परत मुखडा आठ बार, मग वेगळा अंतरा आठ बार, परत मुखडा आठ बार. रे ब्राउनच्या बासवर लक्ष ठेवून बोटांवर मोजत राहा, आणि अंतरा आला की कॉर्ड्स कशा बदलतात, जागा कशी वेगळी लागते ते बघा. एकदा दोनदा चुकेल, मग अचानक जमेल, आणि जमलं की पुढचं सगळं जॅझ तुमच्यासाठी उघडं झालं असं समजा. मला तरी नवशिक्यासाठी याच्याइतका उपयोगी दुसरा व्यायाम माहीत नाही.

'सोलव्हिल'च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये शेवटी तीन जास्तीची रेकॉर्डिंग्ज आहेत ज्यात वेब्स्टर स्वतः पियानो वाजवतो, जुन्या स्ट्राइड ढंगाचा, म्हणजे डावा हात खालचा सूर आणि कॉर्ड यांच्यात उड्या मारत राहतो तसा. सॅक्सोफोन शोधत बसू नका त्यात, पण ऐका जरूर, कारण मूकपटांच्या थिएटरातला तो पोरगा तिथे दिसतो.

पायरी तिसरी: दुसऱ्या टेनरशेजारी ठेवून ऐका

'सोलव्हिल' १५ ऑक्टोबर १९५७ ला रेकॉर्ड झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, पीटरसन, गिटारवाला हर्ब एलिस आणि रे ब्राउन हीच मंडळी घेऊन, फक्त ड्रमर बदलून, वेब्स्टरने कोलमन हॉकिन्सबरोबर अल्बम केला. 'कोलमन हॉकिन्स एन्काउंटर्स बेन वेब्स्टर' नावाने मिळेल. हॉकिन्स वयाने मोठा, टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मान मिळवून देणारा माणूस, त्याचं १९३९ चं 'बॉडी अँड सोल' हे या वाद्याचं मोठं वळण, आणि वेब्स्टरने सुरुवातीला त्याचंच अनुकरण केलं होतं. म्हणजे इथे गुरू आणि चेला शेजारी उभे आहेत.

'इट नेव्हर एन्टर्ड माय माइंड' लावा आणि कोण कधी वाजवतोय ते ओळखायचा प्रयत्न करा. हॉकिन्सचा सूर कडेला धारदार असतो आणि तो कॉर्डच्या आतबाहेर सतत फिरत असतो, वेब्स्टर आला की एकदम हवा वाढते, सूर कमी होतात. सुरुवातीला फसाल, दोघांचाही आवाज मोठा आहे, पण फुंकेवर लक्ष ठेवलं की फसत नाही. मग 'ब्लूज फॉर योलांड' लावा, तिथे दोघेही घशातून गुरगुरल्यासारखं वाजवतात आणि वेब्स्टरला 'द ब्रूट' (रानदांडगा) का म्हणायचे ते कळतं. हाच माणूस कालपर्यंत कानात कुजबुजत होता!

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण वेब्स्टर म्हणजे फक्त हळवी गाणी असा समज पसरलाय. फास्ट गाण्यात तो चक्क भांडतो.

पायरी चौथी: आर्ट टेटमबरोबरची दुपार

ही पायरी छोटी आहे पण माझी सगळ्यात लाडकी. ११ सप्टेंबर १९५६ ला वेब्स्टर पियानिस्ट आर्ट टेटमबरोबर स्टुडिओत गेला, बासवर रेड कॅलेंडर, ड्रम्सवर बिल डग्लस. टेटम म्हणजे बोटांचा चमत्कार, जवळजवळ पूर्ण अंध असलेला हा माणूस एकटाच दोन-तीन पियानोवाल्यांएवढे सूर वाजवायचा आणि सोबत करतानाही थांबायचा नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर वाजवणं भल्याभल्यांना जड जायचं. वेब्स्टरने काय केलं, तर स्पर्धाच केली नाही. टेटमचा पाऊस पडत राहतो आणि वेब्स्टर त्यात फक्त चाल म्हणतो, लांब, रुंद, शांत सुरांत. 'माय वन अँड ओन्ली लव्ह' आणि 'ऑल द थिंग्ज यू आर' ही दोन ऐका. पहिल्यांदा फक्त टेटमकडे लक्ष जाईल, जाऊ दे. दुसऱ्यांदा मुद्दाम फक्त सॅक्सोफोन धरून ऐका आणि किती कमी सूर वाजलेत ते बघा.

टेटम त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला गेला.

पायरी पाचवी: आता मागे, १९४० ला

कान तयार झाला की पियानिस्ट, संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन. वेब्स्टर १९४० च्या सुरुवातीला एलिंग्टनच्या बँडमध्ये कायमचा आला, त्याच्या थोडंच आधी जिमी ब्लँटन नावाचा विशीतला बास वाजवणारा आला होता, आणि या दोघांमुळे त्या बँडचं सगळं चलनवलनच बदललं, इतकं की त्या दोन-अडीच वर्षांच्या बँडला लोक आजही ब्लँटन-वेब्स्टर बँड म्हणतात. ब्लँटन १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय फक्त २३. आणि १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, म्हणून त्या बँडचं स्टुडिओतलं काम जुलै ४२ ला एकदम तुटतं. 'नेव्हर नो लॅमेंट' या नावाच्या तीन सीडींच्या संचात हे सगळं एकत्र मिळतं, ऑनलाइन शोधतानाही हेच नाव टाका.

पहिलं 'कॉटन टेल', ४ मे १९४०. तीन मिनिटांची तबकडी आहे आणि लय जोरात. हे गाणं संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 'आय गॉट ऱ्हिदम'च्या कॉर्ड्सवर बांधलेलं आहे, म्हणजे तोच मुखडा-मुखडा-अंतरा-मुखडा, दुसऱ्या पायरीत मोजलात ते इथे कामाला येईल. साधारण अर्ध्या मिनिटानंतर वेब्स्टर सुरू होतो आणि दोन अख्खी आवर्तनं, म्हणजे मिनिटभर, सोडतच नाही. सुरुवात बघा कशी दबकी आहे, आणि दुसऱ्या आवर्तनात तो कसा घासून, गुरगुरून वर चढतो. पुढे पाचही सॅक्सोफोन एकत्र एक आवर्तन वाजवतात, एकाच माणसाने सोलो घेतल्यासारखं, आणि ते लिहिण्यात वेब्स्टरचा हात होता असं सांगतात. वेब्स्टरचा तो सोलो इतका गाजला की पुढे त्या खुर्चीवर आलेल्या पॉल गोन्साल्विसला वेब्स्टरचे सोलो पाठ होते. हा गोन्साल्विस १९६३ साली एलिंग्टनच्या बँडबरोबर भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. आडनावावरून गोव्याचा वाटतो, पण त्याचे आईवडील पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांचे.

मग 'ऑल टू सून', त्याच वर्षीच्या जुलैमधलं, संथ, आणि इथे पहिल्या पायरीतला वेब्स्टर तयार होताना दिसतो. हे कुठून आलं असेल तर शेजारच्या खुर्चीवरून. एलिंग्टनच्या बँडमध्ये ऑल्टो सॅक्सोफोनवर जॉनी हॉजेस होता, लांबलचक मींड घेत सूर ओघळवणारा, आणि वेब्स्टरने रोज त्याच्या जवळ बसून ते उचललं. म्हणून मध्ये एक-दोन दिवस फक्त हॉजेस ऐका, 'वॉर्म व्हॅली' पुरेसं आहे, आणि परत वेब्स्टरवर या. हॉकिन्सचा दणदणीतपणा आणि हॉजेसची मींड, दोन्ही मिळून वेब्स्टर घडला, हे वाचून समजतं पण ऐकून पटतं.

पायरी सहावी: एकच चाल, दोन वयं

एलिंग्टनचा साथीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नची 'चेल्सी ब्रिज' ही रचना घ्या. १९४१ चं एलिंग्टन बँडचं रेकॉर्डिंग आणि १९५९ चं जेरी मलिगनबरोबरचं, 'जेरी मलिगन मीट्स बेन वेब्स्टर' या अल्बममधलं. पहिल्यात वेब्स्टर ३२ वर्षांचा, बँडच्या रंगांमध्ये त्याला थोडीच जागा, आणि ती तो नीट सांभाळून वापरतो. दुसऱ्यात तो पन्नाशीचा आहे, एलपीवर वेळ भरपूर आहे, मलिगनचा बॅरिटोन सॅक्सोफोन खालून हलकासा आधार देतोय, आणि वेब्स्टर चालीतला एकेक सूर असा ठेवतो की मधल्या शांततेलाही वजन येतं. दोन्ही पाठोपाठ ऐका. वय वाढलं तसे सूर कमी झाले आणि प्रत्येक सुरावरचं प्रेम वाढलं, हे मला या जोडीत सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

'स्टार डस्ट' हवंच. ७ नोव्हेंबर १९४० ला नॉर्थ डाकोटामधल्या फार्गो गावात नाचाच्या हॉलमध्ये एलिंग्टनचा बँड वाजवत होता आणि जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुण चाहत्यांनी परवानगी काढून तबकडी कोरायचं मशीन तिथे लावलं. त्यामुळे एका साध्या रात्री तो बँड कसा वाजायचा ते आपल्यापर्यंत पोचलं, नाहीतर गेलंच होतं. त्यातलं 'स्टार डस्ट' म्हणजे पूर्ण वेब्स्टरचं. आवाजात खरखर आहे, मागे लोकांची कुजबुज आहे, आणि तरीही चुकवू नका.

पायरी सातवी: बाकीचं मागचं, पटकन

१९३० च्या दशकातलं आता ऐकलंत तरी चालेल. डिसेंबर १९३२ मधली बेनी मोटेनच्या बँडची रेकॉर्डिंग्ज, पियानोवर काउंट बेसी आणि वेब्स्टर अवघा २३ चा, खूप वेगात आणि अजून स्वतःचा आवाज न सापडलेला. मग जुलै १९३५ मधली पियानिस्ट टेडी विल्सनच्या नावावरची, ज्यात वीस वर्षांची बिली हॉलिडे गाते आणि वेब्स्टर मागे आहे. इथे फार रेंगाळायची गरज नाही, एक संध्याकाळ पुरे.

बिली हॉलिडेवरून एक बघायची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ८ डिसेंबर १९५७ ला सीबीएस टीव्हीवर 'द साउंड ऑफ जॅझ' नावाचा कार्यक्रम झाला, त्यातलं 'फाइन अँड मेलो' व्हिडिओवर सहज मिळतं. पहिला सोलो वेब्स्टरचा, मग लेस्टर यंग, पुढे मलिगन आणि हॉकिन्सही आहेत, म्हणजे तिन्ही टेनर एकाच गाण्यात, एकाच कॅमेऱ्यासमोर. आवाज ओळखायची परीक्षा इथे द्या, डोळे मिटून एकदा आणि उघडे ठेवून एकदा. बिलीचा चेहरा बघा प्रत्येकजण वाजवत असताना.

पायरी आठवी: युरोप

१९६४ च्या शेवटी वेब्स्टर युरोपात गेला आणि परत राहायला अमेरिकेत आलाच नाही. अमेरिकेत त्याच्या वयाच्या आणि ढंगाच्या वादकाला काम कमी होत चाललं होतं, युरोपात मात्र लंडन, कोपनहेगन, ॲमस्टरडॅममध्ये लोक ऐकायला येत होते. या काळातली रेकॉर्डिंग्ज ढीगभर आहेत आणि सगळी सारखी चांगली नाहीत, काही ठिकाणी सोबतीला मिळालेली मंडळी बेताची, काही ठिकाणी तो स्वतः थकलेला. म्हणून निवडून ऐका. जानेवारी १९६५ मधली कोपनहेगनच्या मॉंमार्त्र क्लबमधली घ्या, 'गॉन विथ द विंड' आणि 'स्टॉर्मी वेदर' या नावांनी अल्बम आहेत, पियानोवर केनी ड्र्यू, ड्रम्सवर ॲलेक्स रील, आणि बासवर नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, तेव्हा फक्त १८ वर्षांचा. त्या पोराच्या बासवर म्हातारा कसा निश्चिंत टेकून वाजवतो ते ऐका. या काळात फुंक आणखी वाढलीये, काही ठिकाणी सूर जवळजवळ दिसेनासाच होतो, आणि जे पहिल्या दिवशी नुसतं 'हळू' वाटलं असतं ते आता तुम्हाला भरलेलं वाटेल. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी १९७२ मधलं कॅटलान (स्पेनमधल्या कॅटलोनियाचा) पियानिस्ट तेते मोंतोलियूबरोबरचं 'डिड यू कॉल?' बघावं.

सप्टेंबर १९७३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला त्याने शेवटचं वाजवलं, त्याच महिन्यात तो गेला, आणि त्याची समाधी कोपनहेगनला आहे.

शोधताना काय सांभाळायचं

वेब्स्टरच्या नावाने स्ट्रीमिंगवर शेकडो संकलनं आहेत, 'बेस्ट ऑफ', 'बॅलड्स', 'लेट नाइट' वगैरे, आणि त्यात १९४४, १९५३ आणि १९६८ ची गाणी कशीही एकत्र कोंबलेली असतात, वर्ष नाही, सोबतचे वादक कोण ते नाही. शिकायच्या काळात ती टाळा. एकाच अल्बमची दोन नावंही असतात, उदाहरणार्थ १९५३ मधली पीटरसनबरोबरची रेकॉर्डिंग्ज 'किंग ऑफ द टेनर्स' या नावाने मिळतात, पण आधी ती 'द कॉन्समेट आर्टिस्ट्री ऑफ बेन वेब्स्टर' म्हणून निघाली होती, त्यामुळे दोनदा विकत घेऊ नका (त्यातलं 'टेंडरली' मात्र सोडू नका). कायम अल्बमचं नाव, वर्ष आणि पियानोवर कोण या तीन गोष्टी एकत्र टाकून शोधा, चुकीचं रेकॉर्डिंग हाती येत नाही. व्हायोलिनच्या ताफ्याबरोबरचे १९५४-५५ चे अल्बमही आहेत, सुंदर आहेत, पण सुरुवातीला ते ठेवून द्या, व्हायोलिनमध्ये ती हवा बुडते आणि आपण आलोय तीच ऐकायला.